साळव्यांची दुसरी सुई

साळवे आमच्या गोठ्यात पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ दारातच उभे राहिले. खांद्याला खाकी पिशवी, हातात थर्मास, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मी लग्न होऊन नुकतीच त्या घरात आले होते, गावच्या शाळेत शिकवत होते आणि माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. मी विचारलं, "काय हो, म्हशीला घाबरता का? मग ह्या नोकरीत कशाला आलात?" ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "घाबरत न्हाई बाई. आधी तिला मला बघू द्या. आपल्या घरात कुनी न इचारता शिरलं तर आपल्याला तरी आवडतंय का?"

म्हशीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, कान हलवले, तेव्हा कुठे ते आत गेले. तिच्यापुढे हात धरून म्हणाले, "हात लावू का गं?" आणि मग आमच्या सासऱ्यांकडे वळून, "हात लावू का?" सासऱ्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा, मीही तात्याच म्हणत असे. गावकीचे पंच, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. ते कडाडले, "आधी म्हशीला इचारलास आन् मना मागून?" साळवे शांतपणे म्हणाले, "दुखनं तिला हाय, तात्या."

मला वाटलं, आता ह्या माणसाची खैर नाही. पण तात्या नुसतेच मिशीतल्या मिशीत पुटपुटले आणि दावं सोडायला वाकले.

आज ज्याला जुईनगर म्हणतात, त्याच्या अंगालाच आमचं गाव. तेव्हा तिथे स्टेशन नव्हतं की सोसायट्या नव्हत्या. भातशेती, मिठागरं, खाडी आणि शेतांतून नुकतेच रोवलेले मोजणीचे दगड. शहर येणार, शहर येणार, असं जो तो म्हणत होता, पण सकाळी उठल्यावर आधी म्हशीचं शेणच काढावं लागत होतं. गुरांच्या दवाखान्याची एक खोली गावाबाहेर होती. साळवे त्या दवाखान्याचे पशुधन पर्यवेक्षक. मूळचे मराठवाड्यातले, बीडकडचे. बायको-मुलं तिकडे आईजवळ, आणि हे इथे एकटे. गावात त्यांना कोणी खोली दिली नाही, म्हणून दवाखान्याच्याच मागे पत्र्याची शेड घालून राहत. खोली का दिली नाही, हे वेगळं सांगायला नको. बौद्ध माणूस आमच्या गोठ्यात चालत होता, ओटीवर चालत नव्हता. मी ह्यावरून घरात दोनदा भांडले, आणि दोन्ही वेळा सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. साळवे स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत आणि गोठ्यातल्या दगडावर बसत. कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये ह्याची काळजी तेच घ्यायचे, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा.

लोक त्यांना "साळवे डॉक्टर" म्हणायचे. ते दर वेळी, अगदी दर वेळी, दुरुस्त करायचे. "डॉक्टर न्हाई. पर्यवेक्षक." एकदा मी म्हटलं, "अहो, म्हणू द्या की! तुमचं काय जातंय?" तर म्हणाले, "माझं काय जात न्हाई. पन उद्या म्हस अडली, रेडकू आडवं आलं, आन् लोक मला डॉक्टर समजून निवांत बसले, तर म्हशीचं जातंय." जनावराच्या बाबतीत हा माणूस थट्टेलाही खोटं बोलत नसे. कडू औषध पाजताना आपण मुलांना "गोड आहे हं" म्हणतो ना, तसं तात्या एकदा रेडकाला म्हणाले. साळव्यांनी ताबडतोब रेडकाच्या गळ्याखाली खाजवत सांगितलं, "कडू हाय बरं का. लई कडू हाय. पन लवकर संपतंय." आम्ही सगळे हसलो. ते मात्र गंभीर होते.

त्या काळी नियम असा होता की, साळव्यांसारख्या पर्यवेक्षकाने जखमा धुवाव्यात, मलमपट्टी करावी, औषध पाजावं, जनावर धरावं. सुई मात्र डॉक्टर समोर असल्याशिवाय टोचायची नाही. मग ती आजारी जनावराला द्यायची असो, नाहीतर आजार येऊ नये म्हणून द्यायची लस असो. डॉक्टर बसत ठाण्याला. माणूस भला होता, कामचुकार तर मुळीच नव्हता, पण एवढ्या मोठ्या मुलखाला एकटा माणूस कुठे कुठे पुरणार? आणि घटसर्पाची लस द्यायची ती पाऊस पडायच्या आधी. एकदा पाऊस सुरू झाला की हा रोग येतो, जनावराचा गळा सुजतो, श्वास घुसमटतो, आणि सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी उभं नसतं.

एका वर्षी डॉक्टरांची गाडी दिघ्याकडच्या पाड्यांवर पोचायच्या आधी पाऊस पोचला. साळवे तिकडून परत आले ते थेट माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसले. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले होते. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाले, "थर्मासात लस हाय, पिशवीत सुई हाय, समोर जनावर हाय. आन् मी रस्त्यावर उभा, गाडीची वाट बघत. बाई, तिथं वळीनं म्हशी पडल्यात."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "मग टोचायची ना! कोण बघायला आलं होतं तिथे? नियम काय म्हशीपेक्षा मोठा आहे?"

"टोचली असती," ते म्हणाले. "हात शिवशिवत व्हता. पन एकदा लपून टोचली की पुढं कायम लपूनच टोचावी लागतीय. कुनी इचारलं तर न्हाई म्हनावं लागतंय. मला उजेडात टोचायची हाय."

त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्यासारखे पर्यवेक्षक मुंबईला खेपा घालत राहिले. अर्ज, निवेदनं, साहेबांच्या दारात ताटकळणं. साळवे प्रत्येक खेपेला पांढरा सदरा घालून जायचे आणि परत येताना तोंड एवढंसं करून यायचे. मी चिडवायची, "काय, मिळाली का सुई?" ते म्हणायचे, "मिळंल की. जनावरं अजून हायत, आमी पन हाव." मधल्या काळात इंदिरा... जाऊ दे, राजकारण मला कधीच कळलं नाही. एवढं खरं की, शेवटी जनावरांच्या डॉक्टरकीचा नवा कायदा झाला, त्याच्यामागून हुकूम निघाला, आणि एका उन्हाळ्यात साळवे तोच पांढरा सदरा घालून भर वर्गात दारापाशी येऊन उभे राहिले. मुलांनी उठून नमस्ते म्हटलं. 

"झालं, बाई," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी तात्यांना नीट समजावून सांगितलं. आजारी जनावराचा इलाज डॉक्टरचाच. त्याला पर्यवेक्षकाने हात लावायचा नाही. पण रोग येण्याआधीची लस आता त्याला एकट्याने देता येणार होती. डॉक्टरांनी लांबून देखरेख करायची, समोर उभं राहायची गरज नाही. तात्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "म्हंजे आता झालास का डॉक्टर?"

"न्हाई तात्या. आता कुठं पुरा पर्यवेक्षक झालो."

डॉक्टरांना हे तितकंसं पसंत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पहिल्या दिवशी ते मुद्दाम गावात आले आणि लोकांसमोरच म्हणाले, "साळवे, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण उद्या काही बिघडलं तर मी तिथे नसणार. जबाबदार कोण?" साळवे म्हणाले, "मी, साहेब." डॉक्टर म्हणाले, "आज सोपं आहे म्हणायला." मला तेव्हा डॉक्टरांचा राग आला होता. पण प्रश्न रास्त होता, हे आज कबूल करायला हवं.

पहिला पावसाळा सुखात गेला. आमच्या भागात घटसर्पाने एक जनावर दगावलं नाही. साळवे अंगाने जरा भरल्यासारखे वाटायला लागले, चालण्यात ऐट आली. आणि मग दुसरा उन्हाळा आला.

लस थंड ठेवावी लागते. दवाखान्यात एक फ्रिज होता खरा, पण आमच्याकडची वीज म्हणजे काय विचारता! आली तर आली. म्हणून साळव्यांनी आपली वेगळीच सोय लावली होती. कोळीवाड्यातली चांगुणाबाय मासे विकायची. तिच्याकडे लाकडी पेटीत कायम बर्फ असायचा. लस आली की साळवे बाटल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर तिच्या पेटीत ठेवायचे आणि सकाळी तिच्याकडचाच बर्फ थर्मासात भरून निघायचे. थर्मासाला बोंबलाचा वास यायचा, म्हशी फुरफुरायच्या. चांगुणाबायचा ह्या माणसावर फार जीव. "एकटा ऱ्हातो बिचारा," म्हणून त्यांना कालवण पाठवायची. तिच्या हातचं ते न लाजता खायचे.

त्या उन्हाळ्यात उकाडा भयंकर होता. आणि चांगुणाबायला वाटलं, साळव्याचं औषध खराब व्हायला नको. मासळी जास्त कडक राहावी म्हणून ती जे करायची तेच तिने केलं. बर्फ फोडला आणि वरून पसाभर मीठ टाकलं. आमच्याकडे मिठाला काय तोटा? मिठागरं दाराशी. मीठ टाकलं की बर्फ नुसत्या बर्फापेक्षा गार होतो, मासा दगडासारखा होतो, हे खाडीकाठच्या पोरालाही माहीत. पण घटसर्पाची लस गार हवी, गोठलेली चालत नाही. गोठली की मेली. हे साळव्यांना पक्कं माहीत होतं. चांगुणाबायला कोणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी साळवे फडक्यात गुंडाळलेल्याच बाटल्या घेऊन निघाले. पहिल्या गोठ्यात त्या फडक्यासकट बाहेर काढून ठेवल्या, आणि सुई उकळून होईपर्यंत उकाड्याने त्या पुन्हा पातळ झाल्या. हलवल्यावर तळाशी जरा गाठी दिसल्या, नासक्या दुधात असतात तशा. त्यांनी आणखी जोरात हलवली. लोक जनावरं बांधून वाट बघत होते, वर आभाळ धरलं होतं. बॅचच तशी असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि टोचत गेले. आमचं सबंध गाव झालं. आमच्या गाभण म्हशीलाही सुई दिली. तात्या कुरकुरत होते, पण दिली.

संध्याकाळी थर्मास रिकामा करायला ते कोळीवाड्यात गेले. वितळलेलं पाणी ओतताना हातावर सांडलं, आणि त्यांच्या बोटाला कुत्र्याच्या नखाने ओरखडलेलं होतं ते झोंबलं. त्यांनी बोट जिभेला लावलं. खारट. चांगुणाबाय पेटी धूत होती. त्यांनी विचारलं, "मीठ घातलं व्हतं का?" ती कौतुकाने म्हणाली, "मंग! म्हनून तं एवढां गार ऱ्हायलां!"

हे सगळं त्यांनीच मला तासाभराने सांगितलं. दिवेलागणीची वेळ होती, मी अंगणात तांदूळ निवडत होते. ते उभ्यानेच बोलले. "बाई, आजच्या सगळ्या सुया वाया गेल्या. पानी टोचल्यासारखं झालं. गाठी दिसल्या तवाच थांबायला पायजे व्हतं मी."

मला आधी कळेचना काय ते. मग कळलं, आणि मी सूप खाली ठेवलं. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर कोणालाच काही समजलं नसतं. रोग आला असता तर आला असता, गेलीच तर दोन-चार जनावरं गेली असती, लोकांनी नशिबाला बोल लावला असता. आणि सांगितलं तर? ज्या सुईसाठी एवढी वर्षं दारोदार केली, तीच हातातून जायची. एकट्या साळव्यांची नव्हे, सगळ्यांचीच. "बघा, ह्यांना एकटं सोडलं की काय होतं," असं म्हणायला वरचे लोक टपलेलेच होते. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "साळवे, जरा विचार करा. सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

ते म्हणाले, "इचार कसला, बाई? मी त्या म्हशीला हात लावू का म्हनून इचारलं. तिनं लावू दिला. आता तिला फसवून घरी जाऊन भाकर खाऊ?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने ते ठाण्याला गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. कोणाच्या पेटीत, कोणाच्या मिठाने, हे साळव्यांनी सांगितलंच नाही. "बर्फ माझ्याकडून बिघडला," एवढंच. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "सांगितलं नसतंत तर मला कधी कळलं असतं?" साळवे म्हणाले, "घटसर्पानं सांगितलं असतं, साहेब." डॉक्टरांनी नवी लस दिली. पण बजावलं, "मी हे आत्ताच वर कळवत नाही. जा, सगळ्या जनावरांना पुन्हा टोचा. पण तुमची दुसरी सुई पोचली नाही म्हणून एक जरी जनावर गेलं, तर मला कळवावं लागेल. आणि मग ह्या भागातल्या एकाही पर्यवेक्षकाच्या हातात लस राहणार नाही. समजलं?"

समजलं म्हणजे काय, माणूस त्या ओझ्यानेच वाकलेला परत आला.

पुन्हा दारोदार जायचं, आणि "माझी कालची सुई खोटी होती, आज पुन्हा टोचू द्या" असं सांगायचं. लोकांनी काय काय ऐकवलं म्हणून सांगू! "पहिली खोटी व्हती तं दुसरी खरी कशावरून?" "आमची जनावरां काय तुझ्या बापाची हायत?" सुई दिली की म्हशीचं दूध दोन-चार दिवस कमी होतं, मानेवर गाठ येते. हे सगळं लोकांनी एकदा सोसलं होतं. साळवे प्रत्येक दारात उभे राहून तेच ते वाक्य बोलत होते, "चूक माझी झालीया. हात लावू का?"

तिसऱ्या-चौथ्या दारापाशी मागून चांगुणाबाय धावत आली. डोक्यावर पाटी, पदर खोचलेला, डोळे रडून सुजलेले. तिला कुठून तरी कळलं होतं. ती भर गल्लीत ओरडली, "त्याला काय बोलतंव? मीठ मी टाकलां! माझा हात मोडला तो! मना बोला काय बोलायचां तां!" साळवे तिला म्हणाले, "मावशे, तू जा. मी तुला सांगितलं न्हवतं ना मीठ घालू नको म्हनून." पण ती कसली जाते! दिवसभर त्यांच्या पुढे पुढे चालली, एकेका दारात स्वतःच्या नावाने खडे फोडत आणि लोकांना शिव्या देत. तिच्या तोंडाला घाबरून असेल, नाहीतर तिच्या रडण्याने असेल, गोठे उघडत गेले.

आमचा उघडला नाही.

तात्या दाराला पाठ लावून उभे राहिले. "गाभन हाय ती. एकदा टोचलास, गप ऱ्हायलो. आता दुसऱ्यांदा? गाभडली तं?" साळव्यांनी समजावलं. मी समजावलं. तात्या माझ्यावरच खेकसले, "तू शाळंत शिकव. म्हस माझी हाय." साळवे दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. चपला काढून दाराबाहेर उभे राहायचे. तिसऱ्या खेपेला तात्यांनी आतून कडीच घातली. त्यांचा हट्ट असा होता की, एकदा मान फिरवली म्हणजे फिरवली. पंच माणूस. चारचौघांत नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं, हे त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पाऊस आला. आठवडा दोन आठवडे गेले. मला वाटायला लागलं, निभावलं. आणि एके दुपारी म्हैस चारा खाईना. अंग तापलेलं, डोळे लाल, आणि बघता बघता गळ्याखाली सूज उतरली. तात्यांनी माझ्या नवऱ्याला डॉक्टरांना आणायला ठाण्याला पाठवलं आणि स्वतः धावत साळव्यांना बोलवायला गेले. तात्यांना मी पळताना पहिल्यांदा पाहिलं. साळवे आले, तिच्या मानेवर हात फिरवत बसले. इलाज करायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि त्या अवस्थेत इलाज तरी काय उरला होता! तिच्या घशातून तो घरघर आवाज येत होता. डॉक्टरांची जीप रस्त्याला लागायच्या आधीच ती आडवी झाली. पोटातल्या रेडकासकट गेली.

तात्या जे सुरू झाले ते काय सांगू. "तुझ्या सुईनं मारली! तुना मारली माझी म्हस!" सगळा गाव गोळा झाला. साळवे खाली मान घालून उभे होते. एकदाही त्यांनी "तुम्हीच दार लावलंत" असं म्हटलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. सासऱ्यांविरुद्ध बोलायची सोय नव्हती, पण तरी मी पुढे झालेच. साळव्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, म्हणून.

डॉक्टर आले. म्हशीला तपासलं, हात धुतले. घटसर्पच होता. मग ते साळव्यांकडे वळले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"ह्या गोठ्यात दुसरी सुई झाली होती?"

"न्हाई, साहेब."

"का?"

साळवे आडव्या पडलेल्या म्हशीकडे बघत राहिले.

"साळवे, मी काय विचारतोय? तुम्ही आला नव्हता का इथे?"

"राहिली, साहेब," ते म्हणाले. "मला समजावता आलं न्हाई."

"म्हणजे काय? कोणाला समजावता आलं नाही? नीट सांगा. तुम्हाला माहीत आहे, मला आता काय करावं लागेल."

"माहीत हाय, साहेब."

बस्स. त्यापुढे एक शब्द नाही. सांगायला काय जड होतं? "मालकाने दार लावलं," एवढे तीनच शब्द. ते खरे होते. ते बोलले असते तर त्यांच्यावर काहीच आलं नसतं. पण समोर माणसाची म्हैस पडलेली, सगळा गाव बघतोय, आणि त्याच माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं, हे त्यांच्याने होत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि जीपकडे वळले. माझ्या डोळ्यांसमोर साळव्यांचा तो पांढरा सदरा आला, त्या सगळ्या मुंबईच्या खेपा आल्या, आणि मला रडूच फुटलं.

तेव्हा तात्या म्हशीजवळून उठले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"डॉक्टर, थांबा. तो आयला व्हता. रोज आयला. मीच दार लावलां."

 चांगुणाबाय तोंडाला पदर लावून उभी होती. डॉक्टर तात्यांकडे बघत राहिले, मग साळव्यांकडे. मग म्हणाले, "ठीक आहे. मग मला कळवण्यासारखं काही नाही." आणि गेले.

सुई राहिली. आमच्या भागात राहिली आणि पुढच्या वर्षीही साळवेच टोचायला आले. ओटीवर ते त्यानंतरही कधी फारसे बसले नाहीत. तात्याच गोठ्यात जाऊन त्यांच्या शेजारी दगडावर बसायचे, दोघे तंबाखू मळायचे, बोलायचे कमी. मी चहा तिथेच नेऊन द्यायची, एकाच ताटात दोन कप.

मग शहर खरंच आलं. शेतं गेली, चारा गेला, गोठ्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. टोचायला जनावरंच उरली नाहीत, तेव्हा साळव्यांची बदली त्यांच्या मुलखाकडे झाली. जाताना त्यांनी प्रत्येक दारात जाऊन निरोप घेतला, माणसांचा आणि ज्यांच्याकडे एखादं जनावर शिल्लक होतं त्या जनावराचाही. पुढे एक-दोन पत्रं आली. आणि मग त्यांच्या मुलाचं पत्र आलं, की बाबा गेले. झोपेतच गेले, आजारी पडले नाहीत, असं त्याने लिहिलं होतं.

मी ते तात्यांना वाचून दाखवलं. तात्या तोवर पार थकले होते, डोळ्यांनी अधू झाले होते.  मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा वाचायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. मग मी जे इतकी वर्षं विचारायचं टाळलं होतं, ते विचारून टाकलं. म्हटलं, "तात्या, तुम्ही आयुष्यात कधी माघार घेतली नाहीत. त्या दिवशी डॉक्टरांसमोर कसं काय बोललात?"

तात्या म्हणाले, "तो माझां नाव घेल, म्हनून मी उभा व्हतो. भांडायची तयारी क्येली व्हती मी. पन त्यानं माझां नाव घेतलांच नाय. मंग मनाच घ्यावां लागलां."